मुक्त पाठ्यपुस्तकांसाठी अनुदान: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे थोडा निधी आला आहे. विकत घ्यावी लागणारी पुस्तकं सोडून प्राध्यापकांनी मुक्त परवान्याची, फुकट मिळणारी पुस्तकं वर्गात लावावीत म्हणून त्यातून छोटी अनुदानं द्यायची आहेत. रक्कम कशी ठरवावी, कोणाला द्यावी, बदल्यात काय मागावं, आणि "पुस्तक फुकट आहे तर ते घ्यायला पैसे कशाला?" असं वरिष्ठांनी विचारलं तर काय सांगावं?

अशी योजना मी ग्रंथालयातून बरीच वर्षं चालवली आहे. सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण त्याचं उत्तर नीट सापडलं की बाकीची तीन आपोआप सुटतात.

एका संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेबरोबर मी एकदा तीन दुपारी बसले होते. त्या नऊ वर्षं एकच पुस्तक शिकवत होत्या आणि आता मुक्त पुस्तक घ्यायला तयार होत्या. पुस्तक उत्तम होतं, प्रकरणांचा क्रमही जवळपास तोच. मग अडचण कुठे आली? जुन्या पुस्तकाच्या मागे असलेल्या प्रसामान्य वितरणाच्या (नॉर्मल डिस्ट्रिब्युशनच्या) तक्त्यात शून्यापासून झेड-पर्यंतचं, वक्राखालचं क्षेत्रफळ दिलेलं होतं. नव्या पुस्तकातल्या तक्त्यात अगदी डाव्या टोकापासूनचं. म्हणजे झेड १.९६ असेल तर जुन्या तक्त्यात ०.४७५० आणि नव्यात ०.९७५०. दोन्ही बरोबर. पण बाईंच्या सगळ्या स्लाइड्स, सगळ्या चाचण्या, सगळ्या उत्तरसूची जुन्या तक्त्यावर बेतलेल्या. त्यातली एखादी जरी तशीच राहिली तरी परीक्षेत मुलं गोंधळणार आणि दोष नव्या पुस्तकाच्या माथी जाणार. त्याशिवाय गृहपाठ म्हणजे "पान २१२, प्रश्न ३, ७, ११" असा लिहिलेला. ते पानही गेलं आणि ते प्रश्नही गेले.

तर अनुदान असतं ते या तीन दुपारींचं, आणि त्यानंतरच्या अशा पंधरा-वीस दुपारींचं. पुस्तक बदलणं म्हणजे एका प्राध्यापकाने वर्षानुवर्षं रचलेला सगळा डोलारा उतरवून पुन्हा उभा करणं. ते काम कुणाच्याही वर्कलोडमध्ये मोजलं जात नाही. प्रकाशक मात्र ते ओळखून असतात, म्हणून ते पुस्तकाबरोबर तयार स्लाइड्स, प्रश्नसंच आणि आपोआप तपासून गुण देणारी गृहपाठाची वेबसाइट देतात. प्राध्यापक पुष्कळदा पुस्तकापेक्षा या सोयीला चिकटलेले असतात. वरिष्ठांना हेच सांगा: पुस्तकाचे पैसे आपण देत नाही, सवय मोडायला लागणाऱ्या वेळेचे देतो. हा खर्च एकदाच होतो, आणि पुस्तकाचा खर्च मात्र प्रत्येक नवी तुकडी पुन्हा करत असते.

साहित्य नव्हतं म्हणून हे अडलं होतं, असंही नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. लेखकाला आपलं साहित्य इतरांच्या वापरासाठी मोकळं करता येईल असे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ च्या डिसेंबरात आले. 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञाही त्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत रूढ झाली. दहा वर्षांत साहित्याचा डोंगर उभा राहिला, पण वर्गात तेच जुनं पुस्तक. मग काही ग्रंथालयांनी साधा विचार केला: थोडे पैसे थेट प्राध्यापकाच्या हातात देऊन पाहू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या ग्रंथालयाने २०११ मध्ये हजार डॉलरच्या आसपासची अनुदानं देऊन ही वाट पाडली. टेंपल विद्यापीठानेही त्याच सुमारास तसंच केलं. पुढे २०१४ मध्ये जॉर्जिया राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेने 'अफोर्डेबल लर्निंग जॉर्जिया' या नावाने हेच राज्यभर नेलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने त्याआधीच, २०१२ मध्ये, सरकारी पैशातून मुक्त पाठ्यपुस्तकांचा प्रकल्प सुरू केला होता. २०१८ मध्ये तर अमेरिकी संसदेने यासाठी ५० लाख डॉलर बाजूला काढले. म्हणजे तुम्ही करताय ते नवं धाडस नाही. मळलेली वाट आहे, खड्डे कुठे आहेत तेही माहीत झालेलं आहे.

पहिला खड्डा शब्दांचा. 'फुकट' आणि 'मुक्त' यांत प्राध्यापकच काय, समितीतले लोकही गल्लत करतात. ग्रंथालयाने वर्गणी भरून घेतलेलं ई-पुस्तक विद्यार्थ्याला फुकट असतं, मुक्त नसतं. वर्गणी संपली की ते गेलं, आणि काही परवान्यांत एका वेळी एकालाच उघडतं, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री रांग लागते. यूट्यूबवरचा व्हिडिओ फुकट असतो, पण कापून-जोडून आपल्या धड्यात घालायचा हक्क सहसा नसतो. मुक्त म्हणजे पाच हक्क: प्रत स्वतःजवळ कायमची ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि पुढे वाटणं. मुक्त शिक्षणाचे अमेरिकी पुरस्कर्ते डेव्हिड वायली यांनी मांडलेली ही पाच कलमं आता सगळीकडे कसोटी म्हणून वापरतात. त्यातलं 'जवळ ठेवणं' हे कलम २०१४ मध्ये उशिरा जोडलं गेलं, आणि माझ्या मते विद्यार्थ्याच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोलाचं आहे. तिसऱ्या वर्षात गेल्यावर पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडता यायला हवं की नको?

आणखी एक सावधगिरी. फीमध्येच पुस्तकाची रक्कम आपोआप वळती करून पहिल्या दिवसापासून सगळ्यांना डिजिटल प्रत देणाऱ्या योजना प्रकाशक विकतात. नावं गोड असतात. त्यात ना 'मुक्त' काही असतं ना 'फुकट', आणि सत्र संपलं की प्रत बहुधा बंद होते. तुमच्या अनुदानाच्या अर्जात अशा योजना बसणार नाहीत, हे एका ओळीत लिहून टाका. नाहीतर पहिल्याच वर्षी तसा अर्ज येईल.

आता रकमेकडे. बहुतेक ठिकाणी तीन पायऱ्या ठेवतात. तयार मुक्त पुस्तक जसंच्या तसं लावणं, आहे ते बदलून-जोडून आपल्या विषयाला बेतणं, आणि नवं लिहिणं. कामाच्या वेळेच्या हिशेबाने पहिलं एक पट धरलं तर दुसरं दोन-तीन पट आणि तिसरं सहज दहा पट. अनुदानाची रक्कम मात्र कुणीच दहा पट करत नाही. त्यामुळे नवं लिहिणारे एक तर अर्धवट सोडतात किंवा उरलेलं काम पदरमोड करून, रजेत बसून पुरं करतात आणि पुन्हा कधी अर्ज करत नाहीत.

म्हणून नव्या लेखनासाठी मी हात आखडता घेते. पहिल्या वर्षाच्या मोठ्या विषयांची पुस्तकं तर तयार आहेत. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने २०१२ मध्ये भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्रापासून सुरुवात केली आणि आता तिथे जवळपास सगळे पायाभूत विषय सापडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात रसायनशास्त्रापासून सुरू झालेल्या लिब्रेटेक्स्ट्समध्ये प्रकरणं सुटी करून हवी तशी जुळवता येतात. मिनेसोटा विद्यापीठातून चालणाऱ्या ओपन टेक्स्टबुक लायब्ररीत पुस्तकांबरोबर प्राध्यापकांनी लिहिलेली परीक्षणं वाचायला मिळतात. "माझ्या विषयाचं चांगलं पुस्तकच नाही" असं म्हणणाऱ्या दहा जणांतल्या सातांनी शोधलेलंच नसतं. मी त्यांना दोष देत नाही. शोधायचं कुठे हे सांगणं आपलंच काम आहे.

नवं लिहायला पैसे द्यायचेच असतील तर प्रयोगवहीला द्या. प्रयोगशाळेची माहितीपुस्तिका आपल्याकडच्या उपकरणांवर बेतलेली असते, बाहेरची चालत नाही. ती आकाराने लहान असते, आणि मुख्य म्हणजे विभागाच्या कपाटात कुणीतरी टाइप केलेली, झेरॉक्सवर झेरॉक्स होत फिकट झालेली, आधीच पडलेली असते. ती नीट करायची, आकृत्या पुन्हा काढायच्या, परवाना लावायचा. एका सुट्टीत होणारं काम आहे आणि वर्षानुवर्षं टिकतं. याउलट पदवीच्या शेवटच्या वर्षाचा बारा मुलांचा विषय घेऊन कोणी तीनशे पानांचा ग्रंथ लिहायला निघालं, तर आदराने नाही म्हणा.

एक अगदी छोटी पायरी मात्र जरूर ठेवा, परीक्षणाची. प्राध्यापकांनी आपल्या विषयाचं एक मुक्त पुस्तक वाचून त्याबद्दल दीड-दोन पानं लिहायची, त्याचं छोटं मानधन द्यायचं, पुस्तक लावायची सक्ती नाही. ओपन टेक्स्टबुक लायब्ररी चालवणाऱ्या मिनेसोटातल्याच संस्थेने आपल्या सदस्य महाविद्यालयांत ही पद्धत रुजवली. युक्ती साधी आहे: पुस्तक खरोखर वाचलं की निम्मी भीती जाते. "फुकट म्हणजे हलकं असणार" हा समज कुठलंही भाषण ऐकून जात नाही, पुस्तक वाचून जातो. आमच्याकडे टिकलेले बरेच प्रकल्प अशा परीक्षणातूनच सुरू झाले होते.

कोणाला द्यावं? जिथे विद्यार्थी जास्त आणि तुकड्या अनेक, तो विषय आधी. आणि एकट्यादुकट्यापेक्षा जोडीला किंवा विभागाला द्या. एकट्याने केलेला बदल त्या माणसाबरोबर जातो. तो रजेवर गेला, विषय दुसऱ्याकडे गेला, की नवा माणूस आपलं ओळखीचं पुस्तक लावतो आणि आपण पुन्हा होतो तिथे. तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर शिकवणाऱ्यांना विसरू नका. पहिल्या वर्षाच्या तुकड्या बहुधा तेच शिकवतात, पुस्तक निवडायचा अधिकार त्यांना नसतो, आणि सुट्टीतल्या कामाचा मोबदला तर कुणीच देत नाही. अर्जाच्या नियमांत 'पूर्णवेळ प्राध्यापक' असा शब्द सवयीने पडतो. तो काढून टाका.

अर्ज एका पानाचा ठेवा. सध्याचं पुस्तक कोणतं, त्याची किंमत, वर्षाला किती विद्यार्थी, नव्या पुस्तकाचं नाव आणि त्यातली कुठली दोन प्रकरणं वाचली, पुस्तकाखेरीज काय काय बदलावं लागेल. याहून जास्त विचारलं की चांगले, कामात बुडालेले लोक अर्जच करत नाहीत, आणि अर्ज लिहिण्यात पटाईत असलेलेच तेवढे येतात. एक प्रश्न मात्र मी कधी सोडत नाही: "पुढच्या वर्षी हा विषय तुमच्याकडे नसेल तर हे साहित्य कोण वापरेल?" याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याचा अर्ज वरच्या ढिगात.

पैसे दोन किंवा तीन हप्त्यांत द्या. हे मी ठेच लागून शिकले. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाच्या भरात सगळी रक्कम आधीच देऊन टाकली. एका रसायनशास्त्राच्या सरांनी खरोखर सुंदर पुस्तिका केली, मुलांना आवडली, आम्ही ग्रंथालयाच्या संग्रहात तिची पीडीएफ चढवली. पुढच्या वर्षी सर दुसरीकडे गेले. नव्या बाईंना दोन प्रयोग बदलायचे होते. मूळ फाइल सरांच्या जुन्या लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप बिघडून टाकून दिलेला. परवाना काय हवा तो बदल करायला मोकळीक देत होता, आणि हातात होती फक्त पीडीएफ. शेवटी एका विद्यार्थिनीला मानधन देऊन चाळीस पानं पुन्हा टाइप करून घेतली. तेव्हापासून शेवटचा हप्ता मूळ, बदलता येणारी फाइल हातात आल्याशिवाय निघत नाही: वर्ड असो, गणिती मजकुरासाठी वापरतात ते लाटेक असो, ऑनलाइन पुस्तक बांधायच्या प्रेसबुक्समधला एक्सपोर्ट असो. आकृत्याही वेगळ्या, मूळ स्वरूपात. कायद्याने मुक्त असलेलं साहित्य पीडीएफमध्ये अडकलं की हाताने मुक्त राहत नाही.

करारात आणखी एक गोष्ट आधी निस्तरा: स्वामित्वहक्क कुणाचा? नोकरीत असताना तयार केलेलं शैक्षणिक साहित्य संस्थेचं की शिक्षकाचं, याचे नियम संस्थेगणिक बदलतात. हक्क संस्थेचा असेल तर प्राध्यापकांना आपल्या मनाने त्यावर मुक्त परवाना लावताच येत नाही. प्राचार्यांकडून एक परिच्छेदाचं पत्र घेऊन ठेवा की या अनुदानातून होणाऱ्या साहित्याला असा परवाना लावायला संस्थेची संमती आहे. दोन वर्षांनी कुणीतरी विचारतंच.

आता परवान्यांविषयी. हा भाग रुक्ष आहे, पण प्रकल्प इथेच अडकतात, म्हणून जरा थांबते.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा परवाने आहेत. सगळ्यात मोकळा 'सीसी बाय', म्हणजे श्रेय द्या आणि काहीही करा. त्यापुढे तीन अटी जोडता येतात. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'एसए' म्हणजे बदल करून वाटलंत तर त्याच परवान्याखाली वाटा. 'एनडी' म्हणजे बदललेलं वाटू नका. 'एनडी' असलेलं साहित्य दुवा द्यायला ठीक, पण बेतायला निरुपयोगी. अनुदानातून तयार होणाऱ्या साहित्याला मी ही एक अट लावू देत नाही. 'एनसी'बद्दल प्राध्यापक आग्रही असतात, "माझं लिहिलेलं कुणी विकलं तर?" म्हणून. मी आधी 'सीसी बाय' सुचवते, तरीही भीती राहिली तर 'एनसी' चालवून घेते. त्या अटीपायी एक माणूस गमावण्यात अर्थ नाही. एक मात्र आधी स्पष्ट सांगायचं की एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

खरा गुंता मिसळताना होतो. समजा गणिताच्या सरांनी ओपनस्टॅक्सचं कॅल्क्युलस घेतलं. ओपनस्टॅक्सची बरीच पुस्तकं 'सीसी बाय' आहेत, पण कॅल्क्युलसचे तीन खंड 'बाय-एनसी-एसए' आहेत. सरांना त्यात सीमा (लिमिट) या संकल्पनेचा इतिहास घालायचा होता, तो त्यांनी विकिपीडियावरून घेतला. विकिपीडिया 'बाय-एसए'. दोन्हीकडे 'एसए', म्हणजे जुळलं असं वाटतं. नाही जुळत. एक म्हणतं की बदललेलं साहित्य माझ्याच परवान्याखाली, व्यापारी वापर वर्ज्य करून वाटा. दुसरं म्हणतं की माझ्याच परवान्याखाली वाटा आणि त्यात व्यापारी वापराला बंदी घालू नका. दोन्ही अटी एकाच प्रकरणात पाळणं अशक्य. उपाय सोपा होता: इतिहासाचं टिपण मजकुरात न मिसळता वेगळी फाइल म्हणून ठेवलं, त्यावर त्याचा परवाना लिहिला. हे लेखनाच्या सुरुवातीला कळलं तर पाच मिनिटांचं काम असतं. शेवटी कळलं तर प्रकरण उसवावं लागतं. म्हणून पहिल्या हप्त्याबरोबरच ग्रंथपालाची एक बैठक सक्तीची करा. कुठून काय घेणार त्याची यादी आणि प्रत्येकापुढे परवाना.

दुसरी फसगत चित्रांची. पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'सीसी बाय' असतं, म्हणून आतलं सगळं तसंच असेल असं धरून चालतात. मग एखाद्या पेशीच्या सुरेख छायाचित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, "परवानगीने पुनर्मुद्रित". ती परवानगी त्या पुस्तकापुरती, तुमच्यापुरती नव्हे. प्रत्येक चित्राखालची ओळ वाचायला लावा. आणि श्रेय देताना चार गोष्टी एका ओळीत: शीर्षक, लेखक, कुठून घेतलं तो दुवा आणि परवान्याचं नाव. काही बदल केला असेल तर तेही. हे लिहिता लिहिता लिहायचं असतं. नंतर शोधू म्हणणाऱ्याला नंतर सापडत नाही.

छपाईवरून नेहमी वाद होतो. सगळ्या मुलांना पडद्यावर वाचायचं नसतं, आणि परवान्यात 'एनसी' असेल तर झेरॉक्सवाल्याकडून पैसे देऊन छापून घेणं चालेल का, असं विचारतात. अमेरिकेत हाच वाद कोर्टात गेला होता. शाळांसाठी 'एनसी' परवान्याचं साहित्य छापून देणाऱ्या फेडेक्सच्या दुकानांवर ग्रेट माइंड्स या प्रकाशक संस्थेने दावा लावला, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने फेडेक्सच्या बाजूने निकाल दिला: शाळेच्या वतीने, शाळेच्या अव्यापारी वापरासाठी कुणी छापून दिलं तर परवाना मोडत नाही. निकाल तिथला असला तरी त्यातला तर्क समजून घेण्यासारखा आहे. छापील प्रतीची सोय मात्र आधीच करून ठेवा. ग्रंथालयात दोन-तीन प्रती बांधून ठेवल्या तरी खूप तक्रारी शमतात.

गृहपाठाची वेबसाइट हा सगळ्यात चिवट अडसर. गणित-संख्याशास्त्राला मायओपनमॅथ आणि वेबवर्क यांसारखे मोकळे पर्याय आहेत, आकडे बदलून प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळं उदाहरण देतात. इतर विषयांना एचफाइव्हपीसारख्या साधनांनी छोट्या चाचण्या करता येतात, पण प्रश्न बसवायचं काम हातानेच करावं लागतं. अनुदानाचा मोठा वाटा इथे गेला तर कुरकुर करू नका. उत्तरांसकट प्रश्नसंच मात्र उघड्यावर ठेवू नका. मजकूर मुक्त, प्रश्नसंच शिक्षकाची ओळख पटवून द्यायचा, असा सगळीकडचा रिवाज आहे.

दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येईल असं साहित्य हवं, हे करारात घाला: चित्रांना वर्णन, व्हिडिओला उपशीर्षकं, आणि गणिताची सूत्रं चित्र म्हणून चिकटवलेली नकोत. नंतर दुरुस्त करायला घेतलं तर तिप्पट वेळ जातो.

मोजमाप. वरिष्ठांना एक आकडा हवा असतो, विद्यार्थ्यांचे किती पैसे वाचले. सोपा हिशेब म्हणजे विकतच्या पुस्तकाच्या कोऱ्या प्रतीची किंमत गुणिले विद्यार्थी. तो फुगलेला असतो हे आपल्याला माहीत आहे. कोणी वापरलेली प्रत घेतं, कोणी दोघांत एक, आणि बरेच जण घेतच नाहीत. मी दोन आकडे देते, कमाल आणि वास्तव, आणि दुसरा कसा काढला ते खाली लिहिते. ज्यांनी पुस्तक घेतलंच नव्हतं त्यांचे पैसे वाचले नाहीत, हे कबूल करायचं. त्यांना पहिल्यांदाच पुस्तक मिळालं, हे त्यापुढे लिहायचं. माझ्या लेखी हा फायदा बचतीपेक्षा मोठा आहे, फक्त तो रुबाबदार आकड्यात बसत नाही.

निकाल सुधारतील असं वचन देऊ नका. जॉर्जिया विद्यापीठात २१ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ओपनस्टॅक्सची पुस्तकं लावल्यानंतरच्या तुकड्यांत गुण सुधारलेले आणि नापास होणारे, विषय सोडणारे कमी झालेले दिसले, आणि आर्थिक मदतीवर शिकणाऱ्या मुलांमध्ये हा फरक जास्त होता. उमेद वाढवणारं आहे. पण असा अभ्यास आधीची तुकडी आणि नंतरची तुकडी यांची तुलना असतो, आणि अनुदान मिळालेला प्राध्यापक त्या वर्षी अभ्यासक्रमावर जास्त मेहनतही घेत असतो. पुस्तकाचा वाटा किती आणि मेहनतीचा किती, हे वेगळं काढणं कठीण. म्हणून मी अहवालात एवढंच पाहते: निकाल बिघडला तर नाही ना, विषय अर्ध्यावर सोडणाऱ्यांची संख्या वाढली तर नाही ना, आणि तिसऱ्या आठवड्यात किती जणांनी पुस्तक उघडलेलं आहे. तिसरा प्रश्न जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या तुकडीलाही विचारून ठेवा. ही पूर्वनोंद घ्यायला सगळे विसरतात आणि मग तुलना कशाशी करायची हाच प्रश्न उरतो.

निधीतला पाचवा हिस्सा तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. दुवे मरतात, आकडेवारी शिळी होते, चुका सापडतात. मुलं चुका फार छान शोधतात, त्यांच्यासाठी एक साधा फॉर्म ठेवा. या डागडुजीला छोटं मानधन असलं की कुणीतरी करतं, नसलं की चौथ्या वर्षी "ते मुक्त पुस्तक जुनं झालंय" असं म्हणून विभाग पुन्हा विकतच्या पुस्तकाकडे वळतो. समितीला नवे प्रकल्प जाहीर करायला आवडतं, डागडुजी जाहीर करता येत नाही. तरीही हा हिस्सा कुणाला हात लावू देऊ नका.

वेळापत्रक सांगते. ज्या सत्रात नवं पुस्तक शिकवायचं त्याच्या आधी एक पूर्ण सत्र आणि एक सुट्टी हातात हवी. पुस्तकांची यादी विभाग फार आधी ठरवतात, त्यानंतर आलेली अनुदानाची घोषणा एक वर्ष वाया घालवते. पहिल्या वर्षी चार-पाचच प्रकल्प घ्या, आणि दहा-बारा परीक्षणं. पंधरा प्रकल्प घेतलेत तर प्रत्येकाच्या परवान्यांची यादी तपासायला तुमच्याकडे माणूस नसेल.

आणि अर्ज आलेच नाहीत तर? पहिल्या वर्षी तसं होऊ शकतं, आमच्याकडे झालं होतं. ईमेल कुणी वाचत नाही. प्रत्येक विभागात एक तरी माणूस असा असतो जो नेमलेल्या पुस्तकावर वैतागून स्वतःच्या नोट्स वाटतो, आणि मुलं त्या नोट्सच्या झेरॉक्स काढत असतात. झेरॉक्सच्या दुकानात किंवा मुलांकडे चौकशी केली तर नाव लगेच कळतं. त्या व्यक्तीकडे जा, अनुदानाचा विषय लगेच काढू नका, आणि आधी विचारा, "या नोट्सची मूळ फाइल आहे का तुमच्याकडे?"